कानाला पापणी नाही



नाताळ झाला की उपवासकाळ सुरू होईपर्यंत, आणि पुन्हा ईस्टरनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत, आपल्याकडे लग्नांची धांदल असते. मांडव घातले जातात, हळदी लागतात, आणि संध्याकाळ झाली की गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डीजेचा ठेका ऐकू येऊ लागतो. खिडकीच्या काचा थरथरतात, गोठ्यातील जनावर बिथरते, आजारी माणूस पुन्हा पुन्हा कूस बदलतो. कोणी काही बोलत नाही. बोलणार कसे? आनंदाचा प्रसंग आहे. आणि उद्या आपल्या घरीही कार्य निघायचे आहे.

मोठ्या आवाजाचा विषय आपण सहसा दोनच ठिकाणी नेतो. एक तर डॉक्टरांकडे, नाहीतर पोलिसांकडे. माझे म्हणणे असे की त्याआधी तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा विषय आहे. त्यात दोन प्रश्न आहेत. माझ्या कानांचे मी वाटेल ते करू शकतो का? आणि माझ्या आनंदासाठी दुसऱ्याचे कान मी किती वापरू शकतो? या आठवड्यात या दोन प्रश्नांचा आपण शांतपणे विचार करू या.

भाताचे शेत आणि वादळ

आधी कान ऐकतो कसा, ते थोडक्यात पाहू. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, गोगलगायीच्या शंखासारखी वळणे घेतलेली एक नळी असते. ती सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल. या नळीत द्रव असतो, आणि माथ्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. एका कानात अशा पेशी साधारण १५ हजार. बाहेरून आवाजाची लाट आली की द्रव हलतो, केस झुकतात, आणि त्या झुकण्याचा संदेश नसेवाटे मेंदूकडे जातो. भाताच्या शेतावरून वारा गेला की रोपे लवतात आणि पुन्हा उभी राहतात, तसेच हे.

पण वादळ आले तर पीक आडवे होते. फार मोठा आवाज, किंवा बऱ्यापैकी मोठा आवाज फार वेळ, या पेशींचे असेच करतो. आडवे झालेले भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. या पेशी पुन्हा लावता येत नाहीत. आपल्या परसातील कोंबडीच्या कानात अशा पेशी नष्ट झाल्या तर काही आठवड्यांत नव्या उगवतात, हे शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. जन्माच्या वेळी जी पुंजी मिळाली, तीच शेवटपर्यंत पुरवायची.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची शक्ती दुप्पट होते, १० डेसिबलने वाढला की दसपट. आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही मर्यादा मानली आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला केवळ पाव तास. डीजेच्या स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज १०० च्या वर सहज जातो. म्हणजे कानाला दिवसभरासाठी जेवढे सोसवते तेवढे पहिल्या तीन-चार गाण्यांतच संपते. हळद मात्र चार-पाच तास चालते.

रात्री सुरू होणारा आवाज

मांडवातून घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात आणि आत बारीक शिट्टी वाजत असते. सकाळपर्यंत ती बहुधा थांबते. आपण म्हणतो, झाले बरे, काही बिघडले नाही. पण २००९ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. मोठ्या आवाजानंतर काही दिवसांनी उंदरांची श्रवणशक्ती चाचणीत पूर्ववत दिसू लागली. परंतु पेशी आणि नस यांना जोडणारे कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. ती शिट्टी म्हणजे कानाने दिलेली सूचना असते. सूचना बंद झाली म्हणजे नुकसान भरून आले, असे नाही.

काहींची शिट्टी थांबतच नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला वाफेचा सूं आवाज, कोणाला रातकिड्यांची किरकिर. बाहेर आवाज नसतो, तो त्या माणसाच्या आतच असतो. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू ती पोकळी स्वतःच भरून काढू पाहतो, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. यात एक विपरीत गोष्ट आहे. मोठ्या आवाजाने आधी जाते ते उंच पट्टीचे ऐकणे, आणि रातकिड्यांचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. म्हणजे अंगणातले खरे रातकिडे ऐकू येईनासे होतात आणि डोक्यातले खोटे रातकिडे रात्रभर ओरडत राहतात.

ध्वनियंत्रणेचे काम करणारा एक तरुण मला भेटायला आला होता. वय तिशीच्या आतले. तो म्हणाला, "फादर, दिवसा कामात काही जाणवत नाही. पण रात्री घरातले सगळे झोपले की माझा आवाज सुरू होतो. मग मी पंखा मोठा करतो." मी त्याला विचारले, "मग आवाज कमी का ठेवत नाहीस?" तो हसला. म्हणाला, "मी ठेवतो हो. पण घरचेच लोक येऊन सांगतात, पैसे मोजलेत ना, वाढव. नाही वाढवला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते."

त्याचे हे उत्तर माझ्या मनात राहिले आहे. डीजेवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याचा हात ज्या बटनावर असतो, त्या हातावर आपला हात असतो.

अतिरेकाने इंद्रिय मरते

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा आत्म्याविषयीचा ग्रंथ आम्हाला वाचावा लागे. त्यात या ग्रीक तत्त्वज्ञाने सुमारे २३०० वर्षांपूर्वी एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. त्याच्या मते आपले प्रत्येक इंद्रिय म्हणजे एक प्रमाण आहे, एक मेळ आहे. म्हणून अतिरेक झाला की इंद्रिय बिघडते. तंतुवाद्याच्या तारा फार जोराने छेडल्या की त्यांचा सूर जातो, तसे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिले. इंद्रियांना प्रमाणबद्ध गोष्टींत आनंद वाटतो, कारण इंद्रिये स्वतःच प्रमाणबद्ध आहेत, असा विचार त्यांनी अन्यत्र मांडला.

कानातील पेशी या दोघांनी पाहिल्या नव्हत्या. तरी त्यांचे म्हणणे आजच्या डॉक्टरांच्या म्हणण्याशी जुळते. एखादी चांगली गोष्ट वाढवत नेली की ती अधिक चांगली होत जाते, असे नाही. कालवणात मीठ चांगले, म्हणून मूठभर मीठ अधिक चांगले होत नाही. एका ठरावीक जागेनंतर ते मीठ राहतच नाही, नासाडी होते. संगीताचेही तसेच. एका मर्यादेपलीकडे कान संगीत ऐकत नसतो, तो मार खात असतो.

मग माणसे आवाज वाढवा असे का म्हणतात? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. त्यांना शेजाऱ्याचा छळ करायचा असतो असे मुळीच नाही. ठेका छातीत घुमला की पाय आपोआप हलतात. एरवी कोपऱ्यात उभा राहणारा लाजरा मुलगाही नाचू लागतो. रोजची भांडणे, हप्ते, लोकलची गर्दी, सगळे तासभर विसरायला होते. सगळे जण एकाच तालावर हलतात आणि आपण एक आहोत असे वाटते. हे सुख खरे आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही.

पण पूर्वी आपल्या लग्नांत हेच सुख पितळी बँड देत असे. तो काही हळू वाजत नसे! जवळ उभे राहिले तर कान गच्च होत. मात्र वाजवणाऱ्यांची छाती दमत असे. चार गाणी झाली की ते खुर्च्यांवर बसत, पाणी पीत, कपाळ पुसत. त्या मधल्या वेळात पाहुणे एकमेकांची विचारपूस करीत. माणसाच्या श्वासाला मर्यादा होती आणि तीच मांडवातील सर्वांच्या कानांचे रक्षण करीत होती. यंत्राला छाती नाही. ते दमत नाही, त्याला तहान लागत नाही. शरीराने घातलेली मर्यादा यंत्राने काढून टाकली. आता ती मर्यादा दुसरीकडूनच यायला हवी, आणि ती जागा म्हणजे आपली विवेकबुद्धी. दुसरी कोणतीही नाही.

माझे कान, माझी मर्जी?

तरुण मंडळी म्हणतील, "फादर, कान आमचे आहेत. बिघडले तर आमचे बिघडतील." हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तकात असाच सिद्धान्त मांडला होता. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाला जबरदस्तीने अडवावे. केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी अडवू नये.

पण कान हे खरोखर फक्त माझे असतात का? हात मला काम करायला लागतात, पाय मला चालायला लागतात. कान मला दिले आहेत ते मुख्यतः दुसऱ्यासाठी. माझा स्वतःचा विचार मला कानांशिवाय कळतो. दुसऱ्याचा विचार कळायला कान लागतात. म्हणून माझे ऐकणे गेले की त्याची किंमत माझ्याइतकीच माझी माणसे मोजतात.

मोठ्या आवाजाने होणारा बहिरेपणा एकदम येत नाही. आधी स, श, ट, थ अशी बारीक व्यंजने पुसट होतात. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. 'साठ' म्हटले की 'आठ' वाटते. नातवंडाचा कोवळा आवाज कळेनासा होतो. पत्नी एकदा सांगते, दोनदा सांगते, तिसऱ्यांदा ओरडून सांगते आणि चौथ्यांदा म्हणते, "जाऊ द्या, काही नाही." घरात हे "काही नाही" सुरू झाले की माणूस आपल्याच घरात हळूहळू परका होतो. आज इअरफोनचा आवाज वाढवणारा विशीतला मुलगा पन्नाशीतल्या कोणाचे तरी बोलणे आजच खर्च करून टाकत असतो. ज्या मुलीशी तो उद्या लग्न करील तिचे बोलणे, जे मूल अजून जन्मलेले नाही त्याचे बोलणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ या वयोगटातील १०० कोटींहून अधिक तरुणांना अशा ऐकण्यामुळे धोका आहे.

संगीतकार बीथोव्हेनचा बहिरेपणा काही मोठ्या संगीतामुळे आलेला नव्हता. परंतु कान गेल्यावर माणसाचे काय होते ते त्याच्या पत्रांतून कळते. १८०१ साली, वयाच्या तिशीत, त्याने आपल्या एका डॉक्टर मित्राला कळवले की कानात रात्रंदिवस गुणगुण चालू असते, आणि मी बहिरा आहे हे लोकांना सांगता येत नाही म्हणून मी माणसांत जाणे टाळतो. सगळ्यांत मोठे दुःख आवाज हरवल्याचे नव्हते, माणसे हरवल्याचे होते.

दुसऱ्याचे कान

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. डोळ्यांना पापणी आहे. नको असेल ते पाहायचे नाही म्हणून मी डोळे मिटू शकतो, तोंड फिरवू शकतो. कानाला पापणी नाही. झोपेतसुद्धा तो उघडाच असतो. म्हणजे माझे कान मी एकट्याने राखू शकत नाही. माझे कान शेजाऱ्याच्या संयमावर सुरक्षित असतात आणि शेजाऱ्याचे कान माझ्या संयमावर.

अठराव्या शतकातील थोर जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचे घर कोनिग्सबर्ग शहरातील तुरुंगाजवळ होते. कैद्यांकडून मोठ्याने भक्तिगीते गाऊन घेतली जात. १७८४ साली कांट यांनी शहरप्रमुखांना पत्र लिहून याविषयी तक्रार केली. पुढे १७९० साली आपल्या एका मोठ्या ग्रंथात त्यांनी लिहिले की संगीताच्या अंगी एक प्रकारचा असभ्यपणा आहे, कारण ते बोलावल्याशिवाय शेजारच्या घरात शिरते. घरच्या प्रार्थनेत मोठ्याने भक्तिगीते गाणाऱ्यांनाही त्यांनी सुनावले: तुमच्या भक्तीमुळे शेजाऱ्याला एक तर तुमच्याबरोबर गावे लागते, नाहीतर आपला विचार थांबवावा लागतो. वाचून आपल्याला थोडे झोंबते. पण मुद्दा खरा आहे. गीत पवित्र आहे, म्हणून ते जबरदस्तीने ऐकवणे पवित्र ठरत नाही.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००० साली हेच सांगितले, आणि ते प्रकरण एका चर्चचेच होते. चेन्नईतील एका चर्चमधील ध्वनिवर्धक आणि वाद्यांच्या आवाजाविरुद्ध शेजारच्या वसाहतीतील रहिवाशांनी दाद मागितली होती. दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. चर्चचे अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, तसा न ऐकण्याचा अधिकारही प्रत्येकाला आहे, हे त्यात स्पष्ट झाले. या निकालाची पार्श्वभूमी फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जानेवारी १९९८ मध्ये एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. १३ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. शेजारी ध्वनिवर्धकावर मोठ्याने गाणी चालू होती, त्यामुळे तिचा आक्रोश कोणालाच ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. या बातमीने अस्वस्थ झालेल्या एका नागरिकाने न्यायालयात याचिका दाखल केली.

बंधू-भगिनींनो, ती गाणी लावणारे काही दुष्ट लोक नसतील. त्यांच्याकडे आनंदाचा प्रसंग असेल. आपल्यासारखेच असतील. म्हणूनच ही घटना मला विसरता येत नाही. मोठा आवाज कान बिघडवतो हे तर खरेच; पण कान शाबूत असतानाही तो आपल्याला बहिरे करतो. त्या वेळेपुरता हाकेच्या अंतरावरचा माणूस आपल्यासाठी नसल्यासारखा होतो.

यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तिमय आपल्याला माहीत आहे. तोही ओरडत होता. भोवतीचा जमाव त्याला दटावून गप्प करीत होता. येशू थांबला, कारण एवढ्या गर्दीत त्याने ती एक हाक ऐकली. आपल्या मांडवाबाहेर कोणी हाक मारली तर ती आपल्याला ऐकू येईल का? मोठ्या आवाजाविषयी मला विचारावासा वाटणारा खरा प्रश्न हाच आहे.

नेहमीच्या तीन सबबी

"एकच दिवस तर आहे." यजमानासाठी एकच दिवस असतो. शेजाऱ्यासाठी नाही. वाडीत हंगामात दहा लग्ने असली तर त्याचे दहा दिवस होतात, शिवाय साखरपुडे, वाढदिवस, सण वेगळेच. काही सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार कायद्याने राज्य शासनाला दिला आहे. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या वेदनेला, किंवा दुसऱ्या दिवशी बोर्डाचा पेपर असलेल्या मुलीच्या झोपेला, ही सवलत कशी समजावणार?

"बाकीचे लोकही करतात, मग आपणच का थांबायचे?" इतरांच्या उत्सवांच्या आवाजाबद्दल आपण घरात बसून पुष्कळ बोलतो. शेजारधर्म असा एकमेकांकडे बोट दाखवून चालत नाही. कोणीतरी आधी आवाज कमी करावा लागतो, आणि तो आधी आपण करावा. ज्याने स्वतःचा आवाज कमी केला आहे, त्यालाच दुसऱ्याला प्रेमाने विनंती करता येते.

"आवाज नसेल तर लग्नाला मजा काय?" आवाज नको असे कोणीच म्हणत नाही. पण मांडवात पाहा. आजीला नातीच्या लग्नाचे किती अप्रूप असते! ती पुढच्या खुर्चीवर बसते, पाव तासाने कानावर हात ठेवते आणि अर्ध्या तासाने कोणाला तरी सांगून घरी जाते. दूरच्या गावाहून आलेले दोन मित्र वीस वर्षांनी भेटतात, एकमेकांच्या कानात ओरडतात आणि शेवटी नुसतेच हसून मान हलवतात. माणसे जमावीत म्हणून आपण मांडव घालतो. आवाजाने माणसे बाहेर गेली तर मांडव कशासाठी घातला?

आपल्याला काय करता येईल

पहिली गोष्ट, डीजे किंवा बँडशी बोली करताना पैशांबरोबर आवाजही ठरवावा. सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल तर आवाज प्रमाणाबाहेर आहे. तो कमी करण्याचा शब्द यजमानाने स्वतः द्यावा, म्हणजे त्या बिचाऱ्या मुलाला ऑर्डर जाण्याची भीती राहणार नाही.

दुसरी गोष्ट, स्पीकरचे तोंड नाचणाऱ्यांकडे असावे, जेवणाऱ्यांकडे आणि शेजारच्या घराकडे नसावे. तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना स्पीकरजवळ नेऊ नये. मांडवापासून थोडी दूर एक शांत जागा ठेवावी, चार खुर्च्या टाकाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी जे निकष दिले, त्यांत १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये या मर्यादेबरोबरच अशी शांत जागाही सांगितली आहे.

तिसरी गोष्ट, कार्याच्या आधी शेजारच्या घरी जाऊन यावे. "आमच्याकडे हळद आहे, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?" एवढे विचारावे. आणि रात्री दहा वाजता वाद्ये बंद व्हावीत ती पोलीस येतील म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याला दिलेला शब्द म्हणून.

चौथी गोष्ट आपल्या चर्चची. सणाच्या आणि नोव्हेनाच्या दिवसांत बाहेर लावलेले कर्णे कोणाच्या खिडकीकडे तोंड करून आहेत, आवाज किती जातो, याची आपण मोजणी करू या. हा विषय मी पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत मांडणार आहे. वेदीवरून जे सांगायचे ते आधी वेदीपासून सुरू व्हायला हवे.

पाचवी गोष्ट, जे बँडमध्ये वाजवतात, ध्वनियंत्रणेचे किंवा कारखान्यात यंत्रांवर काम करतात, त्यांनी चांगले इअरप्लग वापरावेत. कापसाच्या बोळ्याने फारसा उपयोग होत नाही. मधूनमधून बाहेर जाऊन कानाला विश्रांती द्यावी. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांनी आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तेल घालत बसू नये. लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी पहिल्या काही दिवसांतील उपचारांना महत्त्व असते.

शेवटी ज्यांच्या कानात आधीच आवाज सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. तुम्हाला वेड लागलेले नाही आणि तुम्ही एकटेही नाही. हा आवाज कायमचा बंद करणारी गोळी आज उपलब्ध नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. पण तपासणी अवश्य करून घ्या. ज्यांचे ऐकणे कमी झाले आहे त्यांना श्रवणयंत्राने बरेचदा आराम पडतो. आवाजाशी झगडा कमी कसा करावा हे शिकवणारे समुपदेशनही मदत करते. बहुतेकांचा मेंदू त्या आवाजाकडे हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. आणि घरच्यांनी "काही नाही" म्हणू नये. येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणले तेव्हा त्याने आधी त्याला गर्दीतून बाजूला नेले. आपणही तसेच करावे: टीव्ही बंद करावा, समोर बसावे, आपला चेहरा त्याला दिसू द्यावा आणि सावकाश पुन्हा सांगावे.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी लग्न आहे, त्या सर्वांचे मी मनापासून अभिनंदन करतो. भरपूर नाचा, गा, आनंद करा. फक्त एवढा आवाज ठेवा की शेजारी बसलेल्या आजीने विचारलेला प्रश्न तुम्हाला ऐकू येईल, आणि तुम्ही दिलेले उत्तर तिला.

आपला धर्मगुरू